ओवीतून ख्रिस्तदर्शन घडविणारे फादर थॉमस स्टीफन्स



ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील आपल्या बहुतेक कुटुंबांत आज पवित्र शास्त्राची प्रत आहे. बहुधा ती वेदीजवळ, पवित्र मरियेच्या मूर्तीशेजारी आदराने ठेवलेली असते. मात्र ती उघडली किती वेळा जाते, या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपल्या अंतःकरणातच शोधावे. चारशे वर्षांपूर्वी आपल्याच कोकण किनाऱ्यावर असे ख्रिस्ती भाविक होते, ज्यांच्या घरी शास्त्राची एकही प्रत नव्हती. तरीही प्रभू येशूचे संपूर्ण जीवन त्यांच्या ओठांवर होते. हे ज्यांच्यामुळे घडले त्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या जीवनाचे आज आपण स्मरण करू या.

फादर स्टीफन्स यांचा जन्म सुमारे 1549 साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी झाला. राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिक श्रद्धेनुसार जगणे तेथे धोक्याचे होते. थॉमस पाउंड या मित्रासह रोमला जाऊन येशूसंघात दाखल होण्याचा त्यांचा विचार होता. परंतु पाउंड यांना अटक झाली आणि त्यांच्या आयुष्याची पुढील अनेक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व 1575 साली येशूसंघात दाखल झाले. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज 24 ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहास त्यांची नोंद करतो.

गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि साष्टी प्रांतात त्यांची नेमणूक झाली. वाचकांनी येथे गल्लत करू नये. ज्या बेटावर आपले ठाणे वसले आहे त्यालाही साष्टी म्हणतात. फादर स्टीफन्स यांची साष्टी म्हणजे दक्षिण गोव्यातील मडगाव, राय आणि राशोलचा परिसर. तेथेच त्यांनी सुमारे चार दशके सेवा केली.

तो काळ शांततेचा नव्हता, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती आणि लोकांच्या मनात संताप होता. 1583 साली कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी मारले गेले. त्यानंतर सत्ताधाऱ्यांनी गावच्या प्रमुखांना ठार करून सूड घेतला. हुतात्म्यांचे मृतदेह परत मिळविण्यात फादर स्टीफन्स यांचा पुढाकार होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दोन्ही बाजूंचे रक्त सांडलेल्या त्याच भूमीत त्यांना यापुढे शुभवर्तमान सांगायचे होते. तलवारीने माणसाची मान झुकते, मन झुकत नाही. मनापर्यंत जायचे तर मनाची भाषा शिकावी लागते. फादर स्टीफन्स यांनी कोकणी शिकून घेतली आणि मराठी संतांच्या ओवीचाही सखोल अभ्यास केला.

नवख्रिस्ती लोकांची एक व्यथा त्यांनी ओळखली होती. या लोकांची जुनी पुराणे त्यांच्यापासून काढून घेण्यात आली होती. पण त्यांच्या जागी गाण्यासारखे, ऐकण्यासारखे काहीच हाती आले नव्हते. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे पाठ होत, परंतु सायंकाळी घरी बसून मन रमवावे असे काही नव्हते. ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्रीगुरूंकडे हीच मागणी करतो. साऱ्या ग्रंथाची उभारणी या मागणीवर झाली आहे.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेत मननाची एक पद्धत घालून दिली आहे. शुभवर्तमानातील प्रसंग वाचायचा आणि त्या प्रसंगात स्वतः जाऊन उभे राहायचे. तेथील माणसे पाहायची, त्यांचे बोलणे ऐकायचे आणि शेवटी मित्राशी बोलावे तसे प्रभूशी बोलायचे. फादर स्टीफन्स या साधनेत घडलेले होते. त्यांनी शास्त्राचे शब्दशः भाषांतर केले नाही. वर्षानुवर्षे ज्याचे मनन केले ते त्यांनी लोकांच्या छंदात मांडले, आणि जे स्वतः पाहिले ते भाविकांनाही दिसावे अशी त्याची रचना केली. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द निःसंकोचपणे वापरला, कारण ऐकणाऱ्याच्या मनात त्या शब्दाला आधीच जागा होती.

1616 साली राशोल येथे ख्रिस्तपुराण छापले गेले. पहिल्या पुराणात विश्वाच्या निर्मितीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची जुन्या करारातील कथा आहे, तर दुसऱ्यात प्रभू येशूचे जन्मापासून स्वर्गारोहणापर्यंतचे जीवन आहे. आज उपलब्ध असलेल्या पाठात पंचाण्णव अध्याय आणि 10,962 ओव्या आहेत. मराठी अक्षरांचे खिळे तयार व्हावेत अशी फादर स्टीफन्स यांची इच्छा होती. 1608 साली त्यांनी रोमला आपल्या महाश्रेष्ठींना तसे लिहिलेही होते. ती इच्छा पूर्ण झाली नाही आणि मराठीतील हे महाकाव्य रोमन लिपीत छापावे लागले. 1619 साली गोव्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांची ख्रिस्ती धर्मतत्त्वांची कोकणी पुस्तिका 1622 साली आणि कोकणीचे व्याकरण 1640 साली प्रसिद्ध झाले.

पुराण मात्र लोकांच्या कंठात जिवंत राहिले. रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये भाविक ते गात असत. 1684 साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढल्यावर गोव्यात या गायनाला उतरती कळा लागली. परंतु मंगळूर भागात स्थलांतरित झालेल्या कुटुंबांनी ते हस्तलिखितांतून जपले. टिपू सुलतानाच्या काळात 1784 ते 1799 या बंदिवासात श्रीरंगपट्टण येथे या ओव्यांनीच आपल्या पूर्वजांची श्रद्धा टिकवली, असे तेथील परंपरा सांगते. पुढे 1907 साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी त्याची नवी आवृत्ती काढली आणि 1956 साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. मराठी ख्रिस्तकथा मराठी अक्षरांत छापून येण्यास अशी साडेतीनशेच्या आसपास वर्षे जावी लागली.

या जीवनकथेतून आपण काय घ्यावे? ज्यांच्यापाशी ग्रंथ नव्हता त्यांनी वचन अंतःकरणात साठवले, म्हणून बंदिवासातही ते त्यांच्याजवळ राहिले. कपाटातील शास्त्र कोणीही काढून घेऊ शकतो, पण मनन केलेले शास्त्र कोणालाही हिरावून घेता येत नाही. आजारपणात, नोकरी सुटल्यावर, घरात मृत्यू आल्यावर हाती पुस्तक धरण्याचे बळही उरत नाही. अशा वेळी आधी मनात रुजलेले वचनच आधार देते.

आपल्या धर्मग्रामांत वसईकर, गोवेकर, मंगळूरकर, केरळीय असे सर्व भाविक आहेत. प्रत्येकाने आपल्या मायबोलीत रोज शुभवर्तमानाचा एकच प्रसंग घ्यावा. तो सावकाश, शक्यतो मोठ्याने वाचावा. मग डोळे मिटून आपण त्या प्रसंगात कोठे उभे आहोत हे पाहावे आणि प्रभूशी दोन शब्द बोलावेत. सकाळच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्यालाही, आदल्या रात्री वाचलेला प्रसंग मनात घोळवता येईल. ओवी जशी एका बैठकीत संपवण्यासाठी नसते, तसेच शास्त्रही पाने भराभर उलटण्यासाठी नाही.

परक्या देशातून आलेल्या एका धर्मगुरूने आपल्या भाषेत ख्रिस्ताचे मनन केले. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनी मागे राहू नये, ही आमची नम्र प्रार्थना.