रेव्ह. सिसिल टिंडेल-बिस्को : काश्मिरातील एका शाळागुरूचे चरित्र

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ आईबाप पोटाला चिमटा घेऊन आपल्या मुलांस शाळेत घालतात. मुलगा चार इयत्ता शिकतो, सुट्टीत घरी येतो, आणि बापाने पुढे केलेले खोरे हाती धरण्यास लाजतो. आईच्या डोक्यावरील घागर उतरून घेण्यास त्यास कमीपणा वाटतो. शेजारी कोणी तापाने फणफणत पडला असला, तरी हा उंबऱ्यावर बसून पुस्तक चाळीत राहतो. अशा मुलाच्या मस्तकात विद्या शिरली खरी. परंतु ती हातात उतरली नाही व शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोहोचली नाही. हे दुःख केवळ आमच्याच गावांतले नव्हे. ह्याच दुखण्यावर औषध शोधण्यात ज्यांनी 57 वर्षे घालविली, अशा एका मिशनरी शाळागुरूचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सिसिल अर्ल टिंडेल-बिस्को ह्यांचा जन्म 1863 साली इंग्लंडातील एका जमीनदार घराण्यात झाला. बांध्याने ते लहान होते. ब्रॅडफील्ड येथील शाळेत असता आडदांड मुलांकडून त्यांस पुष्कळ छळ सोसावा लागला. दुर्बळावर सबळ हात टाकतो, हे दृश्य त्यांच्या मनात असे खोल रुतले की, पुढे जन्मभर दुर्बळाचा कैवार घेणे हा त्यांचा स्वभावच बनला. केंब्रिज येथील जीझस कॉलेजात गेल्यावर त्यांच्या लहान बांध्याचाही उपयोग झाला. तेथील होड्यांच्या शर्यतीत आठ जण वल्ही मारतात आणि एक हलका माणूस मागे बसून सुकाणू धरतो. 1884 साली ऑक्सफर्डविरुद्ध झालेल्या प्रसिद्ध शर्यतीत केंब्रिजच्या होडीचे सुकाणू बिस्को ह्यांच्या हाती होते, व ती शर्यत केंब्रिजने जिंकली. आठ बलवान माणसांचे बळ एका दिशेस कसे लावावे, हा धडा त्यांस नदीवर मिळाला. 1887 साली त्यांस धर्मसेवेची दीक्षा मिळाली. लंडनच्या पूर्वेकडील व्हाइटचॅपेल ह्या दरिद्री वस्तीत काही काळ काम केल्यावर 1890 साली चर्च मिशनरी सोसायटीने त्यांस काश्मिरास, श्रीनगर येथील मिशनच्या शाळेवर पाठविले.

श्रीनगर शहर झेलम नदीच्या दोहों तीरांस वसलेले आहे. त्या काळी तेथील घरे बहुतेक लाकडी, गल्ल्या अरुंद व घाणीने भरलेल्या, आणि नदी, कालवे व सरोवरे ह्यांमुळे जिकडे तिकडे पाणीच पाणी असे. साहेब शाळेत आले तेव्हा बहुतेक विद्यार्थी ब्राह्मणांचे पुत्र होते. अंगात घोट्यापर्यंत लोंबणारे फेरन, त्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी, पायांत खडावा, अशा वेषात ते चटयांवर दाटीने बसून धडे घोकीत. परीक्षा उतरावी, सरकारी नोकरी मिळावी व अंगमेहनतीचे काम जन्मात करावे लागू नये, एवढाच त्यांच्या शिक्षणाचा हेतू होता. धावणे, पोहणे, वल्हे मारणे, ओझे उचलणे ही सर्व हलक्या जातींची कामे, असे त्यांस घरी शिकविलेले होते. नदीकाठी राहणारी ही मुले पोहू शकत नसत. आणि कोणी बुडू लागला तर काठावर उभे राहून पाहण्यापलीकडे त्यांच्याने काही होत नसे.

1891 साली बिस्को साहेब मुंबईहून काश्मिरास परत जाताना एक फुटबॉल बरोबर घेऊन गेले. तो चेंडू कातड्याचा आहे हे कळताच शाळेत एकच गोंधळ उडाला. कातड्यास शिवल्याने विटाळ होतो, सबब आम्ही त्यास शिवणार नाही, असे मुलांनी निक्षून सांगितले. वाचकहो, येथे आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. आमच्यांपैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी कातडे कमावून, मोटा व जोडे शिवून गावाची सेवा केली, आणि त्याच कातड्याचे निमित्त करून गावाने त्यांस वेशीबाहेर ठेवले. मोटेच्या पाण्यावर पिकलेला दाणा चालतो, परंतु मोट शिवणाऱ्याची सावली चालत नाही, हा न्याय आम्ही चांगला ओळखतो. काश्मिरातील त्या शाळेत त्याच न्यायाशी बिस्को साहेबांची गाठ पडली.

त्यांनी वादविवाद केला नाही. शाळा सुटल्यावर सर्व मुलांस रांगेने मैदानावर नेले, दोन बाजू पाडल्या, आणि शिक्षकांच्या हाती काठ्या देऊन कोणी पळून जाणार नाही अशी व्यवस्था केली. शहरातील लोकांची भोवती गर्दी जमली. विचार करण्यास मुलांस थोडा अवधी दिला. तो सरला तरी कोणी पाय उचलीना. तेव्हा काठ्या पुढे सरकल्या. मग मात्र जी झुंबड उडाली ती विलक्षण! खडावा एकीकडे, पागोटी दुसरीकडे, आणि लांब फेरनांत अडखळून पडणारी मुले तिसरीकडे. इतक्यात चेंडू एका मुलाच्या थेट तोंडावर बसला. खेळ थांबला, बिचारा रडू लागला, आता ह्यास घरात कोण घेईल, ह्या भीतीने सर्व जण स्तब्ध झाले. साहेबांनी त्यास कालव्यावर नेऊन तोंड धुण्यास सांगितले. पाण्याने विटाळ गेला असे ठरले, आणि खेळ पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी घरोघरी संताप झाला. परंतु पुढे ह्याच खेळाची काश्मिरातील मुलांस अशी गोडी लागली की, तो त्या खोऱ्यातील आवडता खेळ होऊन बसला.

ह्यानंतर होड्या आल्या. वल्हे मारणे हे नावाड्यांचे काम असल्याने ब्राह्मणांची मुले वल्हे घेऊन नदीवर निघाली तेव्हा पुलांवरून व घाटांवरून लोकांनी त्यांची थट्टा केली. साहेब स्वतः त्यांच्याबरोबर होडीत बसत. पोहण्याविषयी त्यांनी एक चमत्कारिक नियम केला : ठराविक वयानंतर ज्या मुलास पोहता येत नसे, त्याची फी वाढत जाई. धर्मशास्त्राच्या आधाराने जे आईबाप पोहण्यास हरकत घेत होते, तेच फी वाढू लागताच मुलास पाण्यात ढकलू लागले! होता होता ह्या शाळेची मुले दल सरोवर पोहून पार करू लागली. त्यांस पर्वतांवरही नेण्यात येई. सुमारे 13,000 फूट उंचीच्या महादेव शिखरावर ती चढून जात. जी मुले पूर्वी कांगडीवाचून घराबाहेर पडत नसत, ती बर्फावर चालू लागली.

परंतु केवळ दंड पीळदार व्हावे एवढ्यासाठी हा सारा खटाटोप नव्हता. बळ कशासाठी, हा प्रश्न बिस्को साहेब मुलांपुढे नेहमी ठेवीत. पोहता येऊ लागले की बुडणाऱ्यास बाहेर काढण्याचे कर्तव्य आलेच. आणि ह्या मुलांनी झेलमच्या पाण्यातून कित्येकांचे प्राण वाचविले. वल्हे मारता येऊ लागले तेव्हा मिशनच्या इस्पितळातील दुखण्यातून उठलेल्या रोग्यांस होडीत घालून सरोवरावर मोकळ्या हवेत फिरवून आणण्याचे काम निघाले. ज्याच्या जातीची चौकशी केल्याशिवाय पाणीही घ्यावयाचे नाही, अशा रोग्यास ब्राह्मणाचा मुलगा हात देऊन होडीत बसवी. 1893 व 1903 साली झेलमला महापूर आले, तेव्हा शाळेच्या होड्या पुरात अडकलेल्यांच्या मदतीस धावल्या.

लाकडी घरांच्या त्या शहरात आगी वारंवार लागत. शाळेने स्वतःचा आगीचा बंब ठेविला. आग लागल्याची वर्दी येताच वर्ग बंद होई आणि गुरू व शिष्य धावत सुटत. पटकीची साथही त्या शहरास नवी नव्हती. 1892 च्या साथीत हजारो माणसे मेली. रोगाचे मूळ घाणीत आहे हे पुस्तकात वाचून काय उपयोग? साहेबांनी कुदळी व फावडी आणविली, आणि मुलांस घेऊन गल्ल्या व गटारे साफ करण्यास ते स्वतः उतरले. ज्या कामासाठी शहराने एक जात निराळी करून ठेविली होती, ते काम पंडितांचे पुत्र भर रस्त्यात करीत आहेत, हे पाहून लोक तोंडात बोटे घालीत. हिवाळ्यात उपाशी फिरणाऱ्या गाढवांस चारा घालणे, मुक्या जनावरांस मारणाऱ्यास अडविणे, रस्त्यात छळ होणाऱ्या स्त्रियांस संरक्षण देणे, हीसुद्धा त्या शाळेतील धड्यांचीच अंगे होती.

मुलाची परीक्षा घेण्याची त्यांची रीतही आगळी होती. प्रत्येक मुलाच्या नावे एक कागद असे व त्यावर मन, शरीर व आत्मा असे तीन भाग असत. भाषा व गणित हे पहिल्या भागात. पोहणे, होडी, खेळ व अंगमेहनत हे दुसऱ्यात. आणि गुरूंशी, सोबत्यांशी व शहरातील लोकांशी त्याचे वर्तन कसे आहे हे तिसऱ्यात. ज्यास पाठांतरात पहिला नंबर मिळे, परंतु जो शेजाऱ्यासाठी बोटही हलवीत नसे, तो त्या कागदावर पहिला ठरत नसे. शाळेच्या चिन्हावर दोन वल्ही एकमेकांवर आडवी काढलेली होती. काश्मिरी वल्ह्याचे पाते हृदयाच्या आकाराचे असते. वल्हे म्हणजे कष्ट व सामर्थ्य, पाते म्हणजे दया, आणि एकमेकांस छेदणारी ती दोन वल्ही म्हणजे दुसऱ्यासाठी स्वतःस देणे, असा अर्थ ते मुलांस समजावून सांगत. तो क्रूस कोणाचा, हे निराळे सांगण्याची गरज नव्हती.

आता ह्या चरित्रातील अवघड भागाकडे आम्ही वळतो. कारण माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या उणिवा झाकणे हे सत्यास धरून होणार नाही. बिस्को साहेबांचा हात कडक होता. त्यांनी काठीचा व सक्तीचा पुष्कळ उपयोग केला. काश्मिरी लोकांविषयी त्यांच्या लिखाणात कोठे कोठे तुच्छतेचा सूर आढळतो. राज्यकर्त्या लोकांचा ताठा त्यांच्या मनातूनही पुरता गेला नव्हता असे आम्हांस वाटते. काठीने पाय हलतो, अंतःकरण हलत नाही. मग त्या मुलांची अंतःकरणे कशाने पालटली? आमचे उत्तर असे की, काठीने नव्हे. तर गुरूने सर्वांआधी स्वतः फावडे हाती घेतले, गटारात तोच प्रथम उतरला, होडीत तोच बरोबर बसला, ह्या गोष्टीने ती पालटली. काठी घेण्याजोगी नाही. फावडे मात्र घेण्याजोगे आहे.

दुसरा आक्षेप खुद्द मिशनच्या मित्रांकडून आला. इतकी वर्षे शाळा चालली, इतका पैसा खर्च झाला, बाप्तिस्मे किती झाले? हिशेब मांडला तर ते फारच थोडे होते. आमच्या उपदेशक बंधूंस ह्या प्रश्नाची धार चांगली ठाऊक आहे. वर्षअखेरीस रिपोर्टाचा कागद भरताना रिकाम्या रकान्याकडे पाहून त्यांचेही मन खचते. बिस्को साहेबांस वाटे की, जो मुलगा जातीचा अभिमान सोडून अनोळखी रोग्यास खांदा देतो, तो नाव घेवो वा न घेवो, ख्रिस्ताच्या वाटेवर काही पावले चालला आहे. सर्वांस हे पटले नाही, आणि पटलेच पाहिजे असा आमचाही आग्रह नाही. बाप्तिस्मा ही लहान गोष्ट नव्हे. तथापि जखमी वाटसरूजवळून जे निघून गेले, ते शास्त्र जाणणारे होते, आणि जो थांबला तो परका शोमरोनी होता, ही गोष्ट आमच्या प्रभूनेच सांगितली आहे. पेरणाऱ्याने पेरावे, कणसे मोजणे त्याच्या हातचे नाही.

1890 पासून 1947 पर्यंत बिस्को साहेब त्या शाळेत राहिले. सरकारने कैसर-इ-हिंद पदक देऊन त्यांचा गौरव केला. ज्यांस त्यांनी लहानपणी शिकविले त्यांचीच मुले व नातू त्यांच्या हाताखाली शिकली. आणि फुटबॉलला न शिवणाऱ्या पिढीतीलच कित्येक जण पुढे त्याच शाळेत शिक्षक होऊन मुलांबरोबर होडीत बसू लागले. वार्धक्यात त्यांनी काश्मीर सोडले, आणि 1 ऑगस्ट 1949 रोजी आफ्रिकेत, दक्षिण ऱ्होडेशियातील सॅलिसबरी येथे ते प्रभूमध्ये निजले. श्रीनगर येथे त्यांच्या नावाची शाळा अद्यापि चालू आहे.

शिक्षक व उपदेशक बंधूंनो, आपल्या गावी झेलम नदी नाही, होड्या नाहीत, आगीचा बंबही नाही. परंतु गावची विहीर आहे, तिच्याभोवतीचा चिखल आहे, एकटी राहणारी म्हातारी आहे व तिचे गळके छप्पर आहे. मंदिरापुढील अंगण झाडावयाचे आहे. शनिवारी दोन तास मोठ्या मुलामुलींस बरोबर घेऊन ह्यांपैकी एक काम करावे. मुलांस पाठवू नये. बरोबर न्यावे, आणि पहिले घमेले आपण उचलावे. काम झाल्यावर त्याच ठिकाणी बसून त्यांस विचारावे की, आज काय पाहिले व काय कळले. मग रविवारचा धडा त्यांस निराळाच समजेल. आणि आईबापांनो, मुलगा सुट्टीत घरी आला की, तो साहेब झाला म्हणून त्याच्या हातचे खोरे काढून घेऊ नका. ज्या कामासाठी जगाने आम्हांस खाली बसविले, त्याच कामाची आम्हीच लाज धरू लागलो, तर जगाचा तो न्याय आम्हीच खरा केला असे होईल. आमचा प्रभू नासरेथात सुताराचा रंधा चालवीत होता, आणि शिष्यांचे पाय धुण्यासाठी त्याने स्वतः कमरेस रुमाल गुंडाळला. त्याच्या शाळेत हात स्वच्छ ठेवून कोणी वरच्या वर्गात जात नाही.