बालगंधर्व

कृष्णेच्या खोऱ्यात नागठाणे नावाचे एक लहानसे गाव आहे. आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. परंतु पूर्वी हा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. या नागठाण्याच्या राजहंस घराण्यात २६ जून १८८८ रोजी नारायणाचा जन्म झाला. वडिलांचे नाव श्रीपादराव आणि आईचे अन्नपूर्णाबाई. घरची स्थिती बेताची होती. परंतु मुलाच्या गळ्यात उपजतच अशी गोडी होती की, त्याने गाऊ लागावे आणि भोवतालच्यांनी हातातले काम टाकून ऐकत बसावे. १८९८ साली पुण्यात लोकमान्य टिळकांनी या दहा वर्षांच्या बालकाचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्यास बालगंधर्व म्हटले. ते नाव जन्मभर टिकले. इतके की, नारायण श्रीपाद राजहंस हे मूळ नाव पुढे लोकांच्या ध्यानातही राहिले नाही.

ज्या भूमीत हा मुलगा जन्मला, ती मराठी नाटकाची जन्मभूमी होय. १८४३ साली सांगलीस राजाश्रयाने विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे, तर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे खुद्द सांगलीचे. या दोघांचेही ऋण बालगंधर्वांवर होते.

त्या काळी कुलीन स्त्रिया रंगभूमीवर पाऊल ठेवीत नसत. स्त्रियांची कामे पुरुषच करीत. इंग्लंडातही शेक्सपिअरच्या काळी हीच रीत होती. संगीत नाटकात तर स्त्रीभूमिका करणाऱ्या नटास रूप आणि अभिनय यांच्या जोडीला गाता गळाही लागे. पाश्चात्त्य देशांत ऑपेरा नावाचा संगीत नाटकाचा प्रकार आहे. त्यात अतिशय उंच स्वरात द्रुत तानांची आणि मुरक्यांची बारीक नक्षी काढणाऱ्या गायिकेस कोलोरातुरा सोप्रानो म्हणतात. तिकडे अशा गायिकांना जो मान मिळे, तो महाराष्ट्रात शालू नेसून उभ्या राहिलेल्या एका पुरुषाने मिळविला.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी स्थापन केलेल्या नाटक मंडळीस त्या वेळी वाईट दिवस आले होते. आपल्या गाण्याने तिला वैभव मिळवून देणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले आणि त्यांची जागा भरून काढील असा नट मिळेना. इकडे तरुण नारायणास ऐकू कमी येऊ लागले होते. गाणाऱ्यास याहून मोठे संकट कोणते? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला कानाच्या उपचारासाठी मिरजेस पाठविले. किर्लोस्कर मंडळीचा मुक्कामही तेव्हा मिरजेतच होता. १९०५ साली नारायणाचा मंडळीत प्रवेश झाला आणि मिरजेस शाकुंतल नाटकात शकुंतलेच्या वेषात तो प्रथम लोकांपुढे आला. अभिनयाचे धडे देवलांनी दिले. चालणे, बसणे, पदर सावरणे, मान वळविणे, सारे त्यांनी बारकाईने शिकविले. गायनाची तालीम भास्करबुवा बखले यांच्याकडे सुरू झाली. बुवा ख्यालगायनातले थोर गवई होते.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांच्या मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग ठरला होता. भामिनी ही श्रीमंत घरची मुलगी धैर्यधर नावाच्या गरीब सैनिकास तुच्छ लेखते आणि पुढे त्याच्याच गुणांवर लुब्ध होते, असे त्याचे कथानक. गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या नव्या चाली दिल्या होत्या. नाटकाची सर्वत्र चर्चा होती. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी मरण पावली. खेळ पुढे ढकलावा असे मंडळींस वाटणे साहजिक होते. परंतु लोक दूरदुरून आले होते. बालगंधर्वांनी खेळ बंद ठेवू दिला नाही. बापाच्या दुःखावर रंग चढवून त्यांनी भामिनी उभी केली. प्रेक्षकांना ते मायबाप मानीत, ते बोलण्यापुरते नव्हते.

१९१३ साली त्यांनी टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली खाडिलकरांचे स्वयंवर रंगभूमीवर आले. त्यातील पदांच्या चाली भास्करबुवांनी यमन, बिहाग, भीमपलास अशा रागांतील चिजांवरून बांधल्या आणि ख्यालगायनाचे वैभव थेट सामान्य माणसाच्या कानी पोचले. ज्याने कधी मैफल पाहिली नव्हती, तोही रुक्मिणीची पदे गुणगुणत घरी परते. बालगंधर्वांचा आवाज फार मोठा नव्हता. पण तो सुरेल होता आणि लयीचे भान कधी सुटत नसे. तान कितीही अवघड असो, शब्दाचा अर्थ तिच्याखाली दबत नसे. लाजणे, रुसणे, विनविणे हे सारे ते स्वरांतूनच दाखवीत. अहमदजान थिरकवाँ तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर, अशी नामांकित मंडळी त्यांच्या साथीला असत. एकेका पदाला अनेकदा वन्समोअर मिळे आणि नाटक पहाटेपर्यंत चाले.

भरजरी शालू आणि दागिने यांची त्यांना मनस्वी आवड होती. त्यांच्या नेसण्याची आणि केशरचनेची ऐटबाज तऱ्हा घरंदाज स्त्रियाही उचलीत. परंतु १९१९ साली राम गणेश गडकऱ्यांच्या एकच प्याला नाटकात त्यांनी दारुड्या नवऱ्याची पत्नी सिंधू रंगविली, ती फाटके लुगडे नेसून. गडकऱ्यांना मात्र हे पाहता आले नाही. प्रयोगापूर्वीच, त्याच वर्षाच्या जानेवारीत, ते निवर्तले होते.

हिशेब ही गोष्ट बालगंधर्वांना कधीच साधली नाही. रंगमंचावरील वस्तू खरी आणि उंची असावी, हा त्यांचा हट्ट. १९२० साली द्रौपदी नाटकाच्या थाटामाटासाठी तर त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. मंडळी कर्जाच्या डोंगराखाली दबली. नादारी पत्करून मोकळे होता आले असते. त्यांनी ते नाकारले आणि वर्षानुवर्षे खेळ करून ते कर्ज फेडले. त्याच ओढाताणीच्या काळात, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमानाचा प्रयोग झाला. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धनी देशकार्यासाठी एकत्र आलेले पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. पुढे तीन महिन्यांतच केशवराव कालवश झाले.

पुढे बोलपट आले. स्त्रियाही रंगभूमीवर येऊ लागल्या. बालगंधर्वांचे वय वाढले, देह स्थूल झाला. १९३१ च्या कान्होपात्रा नाटकातील त्यांच्या अभंगांनी लोकांचे डोळे पाणावत. पण नाटकगृहे पूर्वीसारखी भरेनात. १९३४ अखेर मंडळी बंद करावी लागली. १९३५ साली प्रभात कंपनीच्या धर्मात्मा बोलपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. परंतु पडद्याच्या कामात समोर श्रोते नसत, दादही नसे. तेथे ते रमले नाहीत आणि पुन्हा नाटकाकडे वळले. उतारवयात पाय अधू झाले, तरी बसल्या जागी ते भजने गात आणि जुने रसिक गर्दी करीत. १९५५ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. १९६४ साली भारत सरकारने पद्मभूषण दिले.

पुण्यास मुठेच्या काठी एक मोठे नाट्यगृह बांधण्याचे ठरले, तेव्हा १९६२ साली त्याची कोनशिला वृद्ध बालगंधर्वांच्याच हस्ते बसविण्यात आली. ते पूर्ण झालेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. १५ जुलै १९६७ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. पुढील वर्षी, २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, बालगंधर्व रंगमंदिराचा पडदा प्रथम वर गेला. ज्या मिरजेत ते प्रथम शकुंतला झाले, तेथेही त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे.