कार्टर वुडसन : साक्षीचा अधिकार

कार्टर गॉडविन वुडसन यांचा जन्म १८७५ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, न्यू कँटन येथे झाला. त्यांचे आईवडील गुलामीतून मुक्त झालेले होते. त्यांच्या जन्मापूर्वी दोनच वर्षे, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला होता. त्या मुक्ततेनंतर मुक्त झालेल्यांच्या वाट्याला काय आले, आणि त्याची नोंद कोणी ठेवली, हा वुडसन यांच्या जीवनकार्याचा विषय ठरला.

दारिद्र्यामुळे शिक्षणात खंड पडला आणि तरुणपणी त्यांना वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत मजुरी करावी लागली. तेथील ऑलिव्हर जोन्स हा खाणकामगार यादवी युद्धात लढलेला, परंतु निरक्षर होता. त्याच्या घरी जमणाऱ्या कामगारांना वुडसन वृत्तपत्रे वाचून दाखवीत आणि त्यांच्या तोंडून युद्धाच्या आठवणी ऐकत. ग्रंथांत न उतरलेला इतिहास त्यांना प्रथम भेटला तो येथे. विसाव्या वर्षी ते हायस्कुलात दाखल झाले. पुढे फिलिपीन्समध्ये १९०३ ते १९०७ या काळात त्यांनी अध्यापन केले, शिकागो विद्यापीठाच्या पदव्या घेतल्या आणि १९१२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली. ड्यू बॉइस यांच्यानंतर तेथे इतिहासात डॉक्टरेट मिळविणारे ते दुसरे कृष्णवर्णीय होत.

अस्सल कागदपत्रांवाचून इतिहास नाही, हा त्या काळच्या विद्यापीठांचा दंडक होता. परंतु कागदपत्रे कोणाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जाई. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेला उलरिक फिलिप्स यांचा गुलामीवरील ग्रंथ प्राधान्याने मळेमालकांच्या दप्तरांवर उभा होता. दप्तरे अस्सल होती. मात्र त्यांत बोलत होता तो मालक. वुडसन यांनी दंडक मान्य केला आणि साक्षीदार वाढविले. १९१५ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या जीवनाच्या व इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली. १९१६ पासून तिच्या नियतकालिकात मूळ कागदपत्रे छापली जाऊ लागली. १८०० ते १८६० या काळातील कृष्णवर्णीयांच्या पत्रांचा मोठा संग्रह त्यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना मन असल्याचेच नाकारले गेले होते, त्यांचे मन त्यांच्याच अक्षरांत वाचकांपुढे आले.

ही निष्ठा सोयीची नव्हती. १८३० च्या जनगणनेच्या आधारे, स्वतः गुलाम बाळगणाऱ्या मुक्त कृष्णवर्णीयांची यादी त्यांनी १९२४ मध्ये प्रकाशित केली. स्वजनांना अडचणीत आणणारा हा पुरावा त्यांनी दडविला नाही. त्याचबरोबर, यांपैकी अनेकांनी पत्नीला किंवा मुलांना विकत घेतले होते आणि म्हणून ते कागदोपत्री मालक ठरले होते, हेही त्यांनी दाखवून दिले. नोंद खरी असली तरी तिचा अर्थ आपोआप हाती येत नाही, याचा हा उत्तम वस्तुपाठ होय.

हे ज्ञान संशोधकांपुरते राहू नये म्हणून त्यांनी १९२६ च्या फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांच्या जयंत्या त्या सप्ताहात येत. १९३३ मधील ग्रंथात त्यांनी शिक्षणावरच आरोप ठेवला : जे शिक्षण विद्यार्थ्याला स्वतःविषयी तुच्छता शिकविते, ते त्याला बंधनासाठीच तयार करते. १९३७ पासून शाळाशिक्षकांसाठी त्यांनी स्वतंत्र पत्रिका काढली.

१९५० साली वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. १९७६ मध्ये त्या सप्ताहाचा महिना झाला. स्मरणोत्सव वाढला, तरी वुडसन यांचा आग्रह त्याहून कठोर होता : गौरवापूर्वी पुरावा, आणि पुराव्यात सर्वांचा आवाज.