कडू पानाचा कैवारी : भिक्षू एईसाई

महानगरांतील घरांमध्ये गेल्या काही वर्षांत ग्रीन टीने चांगलेच बस्तान बसवले आहे. दूध-साखर घालून उकळलेल्या, आले-वेलदोड्याच्या चहावर पोसलेल्या मराठी जिभेला त्याची कडवट-तुरट चव पहिल्या घोटात रुचत नाही. तरीही कोणी वजनाच्या काळजीने, कोणी हृदयविकाराच्या धास्तीने तो नेमाने पितो. चव आवडो वा न आवडो, प्रकृतीसाठी हा चहा प्यावा, हा आग्रह मात्र आजचा नाही. आठशे वर्षांपूर्वी जपानमधील एका बौद्ध भिक्षूने तो ग्रंथरूपाने मांडला होता. इतकेच नव्हे, तर हा चहा कडू आहे म्हणूनच तो प्यायला हवा, असे त्याचे प्रतिपादन होते. एईसाई हे त्या भिक्षूचे नाव. जपानमध्ये झेन पंथ रुजवणारा आचार्य म्हणून आणि चहाचा आद्य पुरस्कर्ता म्हणून त्याचे स्थान आजही अढळ आहे.

एईसाईचा जन्म 1141 साली बित्चू प्रांतात, म्हणजे आजच्या ओकायामा परिसरात झाला. त्याचे घराणे किबित्सु येथील प्राचीन देवस्थानाशी निगडित होते. वयाच्या चौदाव्या वर्षी क्योटोजवळच्या हिएई पर्वतावर त्याने भिक्षुदीक्षा घेतली. तेंदाई पंथाचे हे पीठ त्या काळी विद्येचे माहेरघर होते. पण त्याच पीठाच्या पदरी सशस्त्र भिक्षूंची दलेही होती आणि सत्तास्पर्धेने तेथील वातावरण गढूळ झाले होते. बुद्धाच्या धर्माचा ऱ्हासकाळ सुरू झाला आहे, अशी समजूत जपानमध्ये सर्वत्र पसरली होती. पुढे 1180 ते 1185 या काळात तायरा आणि मिनामोतो या घराण्यांमध्ये यादवी युद्ध पेटले. नारा येथील तोदाईजी हे महामंदिर त्यात जळाले, दुष्काळ पडला, राजधानीला भूकंपाचा तडाखा बसला. माणसाचे आयुष्य आणि धर्म दोन्ही क्षीण होत चालल्याची जाणीव त्या पिढीला पदोपदी होत होती. एईसाईच्या आयुष्यातील पुढच्या सर्व धडपडीचे मूळ या जाणिवेत आहे.

मूळ धर्म शोधायचा तर समुद्र ओलांडून चीनला गेले पाहिजे, असे त्याने ठरवले. 1168 साली तो प्रथम चीनला गेला. सुंग राजवटीच्या त्या काळात तिएनताई पर्वताचे दर्शन घेऊन, चोगेन या जपानी भिक्षूच्या सोबतीने तो काही महिन्यांतच परतला. येताना त्याने तेंदाई पंथाचे ग्रंथ आणले. मात्र चिनी विहारांमध्ये जोमाने वाढत असलेली झेन साधना त्याच्या मनात घर करून राहिली.

दुसऱ्या प्रवासाचे उद्दिष्ट याहून मोठे होते. 1187 साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा निघाला तो थेट भारतात जाण्यासाठी. बुद्धाची जन्मभूमी आणि तेथील पवित्र स्थळे त्याला डोळ्यांनी पाहायची होती. परंतु उत्तर चीन सुंग दरबाराच्या हातून गेलेला होता आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटा त्याच्या ताब्यात नव्हत्या. प्रवासाची परवानगी नाकारण्यात आली. निराश होऊन परतीच्या जहाजात बसलेल्या एईसाईला प्रतिकूल वाऱ्याने पुन्हा चीनच्याच किनाऱ्यावर आणून सोडले. भारतभेट घडली नाही ती कायमचीच. मग तो तिएनताई पर्वतावर गेला आणि शुआन हुआइचांग या झेन आचार्याचा शिष्य झाला. पुढे गुरूबरोबर तिएनतुंग पर्वतावरील विहारातही तो राहिला.

चीनमधील या चार वर्षांत त्याने विहारांतील चहापान जवळून पाहिले. पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या ध्यानधारणेत झोपेला दूर ठेवण्यासाठी भिक्षू चहा पीत. चहाची पाने वाफवून, वाळवून, दळून केलेली बारीक पूड वाडग्यात घ्यायची, वर गरम पाणी ओतायचे आणि बांबूच्या घुसळणीने ती फेसाळेपर्यंत घुसळायची, अशी ती रीत होती. तिला विहारातील शिस्तीत ठराविक स्थान होते.

जपानला चहा अगदीच अपरिचित होता, असे नाही. 815 साली एइचू नावाच्या भिक्षूने सम्राट सागा याला चहा दिल्याची नोंद राजदरबाराच्या इतिहासात आहे. पण दरबारी प्रथेपलीकडे तो फारसा पोहोचला नाही आणि नवव्या शतकाच्या अखेरीस चीनला शिष्टमंडळे पाठवणे थांबल्यावर त्याचे आकर्षणही ओसरले. 1191 साली एईसाई परतला तो झेन आचार्यपदाची मान्यता आणि चहाचे बी घेऊन. क्यूशू बेटावरील सेफुरी पर्वताच्या उतारावर त्याने हे बी पेरले, असे परंपरा सांगते. पुढे त्याने क्योटोजवळच्या तोगानो येथील म्योए या भिक्षूला चहाचे बी दिले, अशीही कथा आहे. तोगानोचा चहा इतका नावाजला गेला, की त्यालाच अस्सल चहा म्हणण्याचा प्रघात पडला. तेथून ही लागवड उजी परिसरात गेली आणि उजी हे आजही उत्तम हिरव्या चहाचे गाव म्हणून ओळखले जाते.

चहाचे रोप रुजले. झेन रुजवणे मात्र सोपे नव्हते. हिएई पर्वतावरील भिक्षूंनी या नव्या पंथाविरुद्ध दरबाराकडे तक्रार केली आणि 1194 साली झेनच्या प्रचारावर बंदी आली. एईसाई डगमगला नाही. 1195 साली त्याने हाकाता येथे शोफुकुजी हे मंदिर उभारले. जपानमधील पहिले झेन मंदिर म्हणून ते मानले जाते. 1198 साली झेनच्या प्रसाराने राष्ट्राचे रक्षणच होते, असा युक्तिवाद करणारा ग्रंथ त्याने लिहिला. तरीही क्योटोतील विरोध शमला नाही, तेव्हा त्याने आपला मोर्चा कामाकुराकडे वळवला. तेथे सामुराई योद्ध्यांची नवी सत्ता स्थापन झाली होती. पहिल्या शोगुनची विधवा पत्नी होजो मासाको हिच्या आश्रयाने 1200 साली जुफुकुजी मंदिर उभे राहिले. दोन वर्षांनी शोगुन योरिइए याच्या पाठबळावर क्योटोमध्ये केन्निनजीची स्थापना झाली. मात्र तेथे झेनबरोबरच तेंदाई आणि शिंगोन या जुन्या पंथांच्या उपासनेलाही जागा द्यावी लागली. ही तडजोड त्याने स्वीकारली.

एईसाई सत्तेपासून अलिप्त राहणारा विरागी नव्हता, हेही नमूद करायला हवे. तोदाईजीच्या पुनर्बांधणीसाठी निधी जमवण्याचे काम चोगेनच्या निधनानंतर 1206 साली त्याच्याकडे आले आणि ते त्याने समर्थपणे पेलले. पण हयातीतच महाचार्याची पदवी मिळावी यासाठी त्याने दरबारात केलेली खटपट अनेकांना रुचली नाही आणि ती सफलही झाली नाही. धर्मासाठी झटणारा, व्यवहार जाणणारा आणि मानाची अपेक्षा बाळगणारा असा हा माणूस होता.

चहाविषयीचा त्याचा ग्रंथ सत्तरीच्या उंबरठ्यावरचा आहे. ‘किस्सा योजोकी’, म्हणजे चहापानाने आरोग्यरक्षण, हे त्याचे नाव. 1211 साली त्याने तो लिहिला आणि 1214 साली सुधारून पुन्हा सिद्ध केला. चहावरील हा जपानमधील पहिला ग्रंथ होय. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागाचा पाया आहे चिनी वैद्यकातील पाच अवयव आणि पाच चवी यांचा मेळ. यकृताला आंबट, फुप्फुसाला तिखट, प्लीहेला गोड, मूत्रपिंडाला खारट आणि हृदयाला कडू चव मानवते, असे हे शास्त्र सांगते. हृदय हा सर्व अवयवांचा राजा. जपानी माणूस इतर चारही चवी खातो, पण कडू टाळतो. म्हणून त्याचे हृदय दुबळे राहते आणि आयुष्य घटते, असे एईसाईचे निदान होते. चिनी लोक चहा पितात आणि दीर्घायुषी होतात, हा त्याचा पुरावा. कडू चवीचा राजा चहा असल्याने त्यावरचा उपायही त्याने त्यातच पाहिला.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. आयुर्वेदाने सहा रसांत कडूला स्थान दिले आहे आणि गुढीपाडव्याला कडुनिंबाचे पान चघळण्याची प्रथा घराघरांत आहे. जिभेला नको असलेले शरीराला हवे असते, ही भावना दोन्हीकडे सारखीच.

याच भागात चहा कसा करावा याचेही वर्णन आहे. पाने सकाळी खुडायची, लगेच वाफवायची, मग मंद विस्तवावर न करपवता रात्रभर वाळवायची आणि बरणीत भरून बांबूच्या पानांनी तोंड घट्ट बंद करायचे. यातील वाफवण्याची पायरी महत्त्वाची आहे. पान खुडल्यावर त्यातील विकरांमुळे ते काळवंडू लागते. उष्णतेने ती क्रिया थांबते आणि पान हिरवे राहते. काळा आणि हिरवा चहा यांत मुख्य फरक आहे तो इथेच. जपानी हिरव्या चहाला कोवळ्या भाजीसारखा किंवा समुद्रशेवाळासारखा जो वास असतो, तोही वाफवण्याचाच परिणाम होय. ग्रंथाच्या दुसऱ्या भागात पाच रोगांची चर्चा असून त्यांवर मुख्यतः तुतीचे उपाय सांगितले आहेत. बेरीबेरीसारखा पायांचा विकार आणि अतितहानेचा विकार यांचा त्यात समावेश आहे.

चहाच्या गुणाची प्रचीती देण्याची संधी 1214 सालीच आली. तरुण शोगुन सानेतोमो आजारी पडला. कारण आदल्या रात्रीचे मद्यपान हेच असावे, असे ‘आझुमा कागामी’ या बखरीत नोंदवले आहे. प्रार्थनेसाठी बोलावलेल्या एईसाईने आपल्या मंदिरातून चहा मागवला आणि त्याबरोबर चहाचे गुण सांगणारे लेखनही सादर केले. शोगुन प्रसन्न झाला, अशी ती नोंद आहे. त्यानंतरच्याच वर्षी, 1215 साली, वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी एईसाईचे निधन झाले.

त्याचे कोणते दावे काळाच्या कसोटीला उतरले? झोप दूर होते, हे त्याचे म्हणणे निर्विवाद ठरले. त्याचे श्रेय कॅफिनला जाते. जपानी संशोधिका मिचियो त्सुजिमुरा यांनी 1929 साली हिरव्या चहातून कॅटेचिन हे द्रव्य वेगळे केले. चहाच्या कडवट-तुरट चवीत कॅटेचिनचा मोठा वाटा असतो आणि आरोग्याच्या संदर्भात सर्वाधिक अभ्यास त्याचाच झाला आहे. त्यातला मधुर रुचकरपणा थिॲनिन या अमिनो आम्लाचा. हृदयाच्या बाबतीतही एईसाईचा अंदाज अगदीच फोल ठरला नाही. ईशान्य जपानमधील 40,530 प्रौढांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणारे संशोधन 2006 साली प्रसिद्ध झाले. रोज पाच किंवा अधिक कप हिरवा चहा पिणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू कमी आढळले आणि हा फरक स्त्रियांमध्ये अधिक स्पष्ट होता. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत मात्र तसा फरक दिसला नाही. हे निरीक्षणावर आधारित संशोधन असल्याने चहा हेच कारण, असे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय कडू चव हृदयाला पोसते, या उपपत्तीला आधुनिक वैद्यकात आधार नाही. बेरीबेरी ब जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हे पुढे स्पष्ट झाले. तो चहाने बरा होत नाही.

आजच्या अनेक समजुतींनाही हाच न्याय लावावा लागेल. हिरव्या चहाने वजन झपाट्याने घटते, हा समज त्यांपैकी एक. उपलब्ध चाचण्यांचा 2012 साली घेतलेल्या कोक्रेन आढाव्यात ही घट अत्यल्प असल्याचे दिसून आले. चहाच्या अर्काच्या गोळ्यांबाबत तर सावधगिरीच हवी. कॅटेचिनचा प्रमुख प्रकार असलेले ईजीसीजी गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यास यकृताला इजा होण्याची चिन्हे दिसतात, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली दिला. जेवणासोबत चहा घेतल्यास शाकाहारातील लोहाचे शोषण घटते; रक्तक्षय असलेल्यांनी जेवण आणि चहा यांत अंतर ठेवलेले बरे. चवीसाठीही एक पथ्य आहे. उकळते पाणी ओतल्यास हा चहा जहाल कडू होतो. पाणी सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत निवू देऊन पाने एक-दोन मिनिटेच ठेवली, तर कडूपणामागचा गोडवा जाणवतो.

एईसाईच्या काळचा चहा बहुधा आजच्याहून रांगडा असावा. रोपांवर सावली धरून पानातील गोडवा वाढवण्याची युक्ती आणि चहा-समारंभाची नजाकत हे पुढच्या शतकांचे कार्य. त्याने चहाकडे पाहिले ते ऱ्हासकाळात सापडलेल्या माणसाला तगवणारे औषध म्हणून. त्याच्या पंथावर बंदी आली, त्याच्या मंदिरात जुन्या पंथांना जागा द्यावी लागली. चहाला मात्र कोणी अडवले नाही. भिक्षूंच्या ध्यानगृहातून तो योद्ध्यांच्या वाड्यात आणि तेथून सामान्यांच्या घरात गेला.

क्योटोच्या केन्निनजीमध्ये दरवर्षी 20 एप्रिलला एईसाईच्या जन्मदिनानिमित्त चहापानाचा विधी होतो. पाहुण्यांसमोर चहाची पूड घातलेले वाडगे ठेवले जातात आणि भिक्षू उभ्यानेच त्यात गरम पाणी ओतून चहा घुसळतात. चहा-समारंभाला आजचे रूप येण्यापूर्वीची ही झेन विहारांतली जुनी रीत तेथे अद्याप जपली जात आहे.