फाउस्तो कॉप्पी : निकालाच्या रकान्यामागचा माणूस

जुलै महिना जवळ आला की तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या भाकितांना ऊत येतो. वसंत ऋतूतील शर्यतींत कोण कितवा आला, कोणत्या घाटात कोणी किती मिनिटे मिळविली, याचे तक्ते मांडून विजेत्याचे नाव आधीच निश्चित केले जाते. आपल्या अमरावती-अकोल्याकडे सायकल ही शाळेत, कचेरीत आणि बाजारात जाण्याची वस्तू. तरीही मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढून 'घाटाचा राजा' ठरणाऱ्याचे नाव इकडचा वाचकही कौतुकाने वाचतो. मागील निकालांवरून खेळाडूचा पुढचा फॉर्म कळतो, ही समजूत मात्र तपासून पाहावी अशी आहे. आणि ती तपासण्यास इटलीच्या फाउस्तो कॉप्पीच्या चरित्राइतके चांगले साधन क्वचितच सापडेल.

कॉप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी कास्तेल्लानिया या डोंगराळ खेड्यात, एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. नोव्ही लिगुरे या गावी एका खाटकाच्या दुकानात तो नोकरीस राहिला आणि सायकलवरून गिऱ्हाइकांच्या घरी माल पोहोचवू लागला. तेथेच त्याची गाठ बियाजिओ काव्हान्ना या मालिशवाल्याशी पडली. काव्हान्ना दृष्टिहीन होता. निकालाचे तक्ते तो वाचू शकत नव्हता. तो बोटांनी स्नायू वाचीत असे. काय खावे, किती झोपावे, किती मैल सायकल हाकावी, हे सारे तोच ठरवी. या मुलाची पात्रता जगाला कळण्यापूर्वी ती त्या बोटांना कळली होती.

१९४० च्या जिरो द'इटालिया शर्यतीत कॉप्पी उतरला तो गीनो बार्ताली या प्रख्यात सायकलपटूचा साहाय्यक म्हणून. आरंभीच बार्ताली पडून जायबंदी झाला आणि विसाव्या वर्षी हा साहाय्यकच शर्यत जिंकून बसला. शर्यत संपली ९ जूनला. दुसऱ्याच दिवशी इटलीने युद्ध पुकारले. १९४२ मध्ये, बाँबहल्ल्यांच्या छायेतील मिलान शहरात, त्याने एका तासात पावणेसेहेचाळीस किलोमीटरांहून किंचित अधिक अंतर तोडण्याचा विक्रम केला. १९४३ मध्ये तो ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती सापडला आणि जवळजवळ दोन वर्षे त्याने बंदिवासात काढली. ऐन उमेदीच्या त्या वर्षांचा निकालाचा रकाना कोराच आहे. त्या रकान्यावर विसंबणाऱ्याने मार्च १९४६ मधील मिलान-सान रेमो शर्यतीत त्याच्यावर पैज लावली नसती. कॉप्पीने ती शर्यत चौदा मिनिटांच्या आघाडीने जिंकली.

१९४९ साली उलट प्रकार घडला. जिरोमधील कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्यात त्याने पाच घाट ओलांडीत १९२ किलोमीटर एकट्याने कापले आणि बार्तालीला जवळजवळ बारा मिनिटांनी मागे टाकले. याहून चांगला फॉर्म तो कोणता? पण काही आठवड्यांनी तूरमध्ये सेंट मालोच्या वाटेवर तो पडला, सायकल मोडली, आणि शर्यत सोडून घरी जाण्याच्या गोष्टी तो करू लागला. संघाचे प्रमुख आल्फ्रेदो बिंदा यांनी त्याची समजूत काढली नसती, तर निकालात त्याचे नावही राहिले नसते. अग्रेसरापेक्षा अर्ध्या तासाहून अधिक मागे पडलेला हा गडी अखेरीस जवळजवळ अकरा मिनिटांच्या आघाडीने जिंकला. जिरो आणि तूर एकाच वर्षी जिंकणारा तो पहिला सायकलपटू होय.

१९५१ मध्ये तूरच्या तोंडावर त्याचा धाकटा भाऊ सेर्से शर्यतीत पडून मरण पावला. तो दुःखभार कोणत्या तक्त्यात मांडावयाचा? कॉप्पी दहावा आला.

पुढच्याच वर्षी त्याने आल्प द्युएझ हा घाट जिंकला. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा चढ सायकलने चढून पाहिलेल्यांना त्या श्रमाची थोडीफार कल्पना येईल. त्या वर्षी तो इतका पुढे होता की, स्पर्धेत काही रंग राहावा म्हणून आयोजकांना दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस वाढवावे लागले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मक्तेदारीचे याहून मौजेचे उदाहरण मिळणे कठीण! मला मात्र त्याचा साहाय्यक आंद्रेआ कार्रेआ अधिक आठवतो. आदल्या दिवशी ध्यानीमनी नसताना अग्रेसराचा पिवळा सदरा त्याच्या अंगावर आला, तेव्हा धन्याचा मान आपण घेतला या भयाने तो रडू लागला. पुढाऱ्यासाठी वारा अंगावर घेणारी, पाणी आणणारी आणि स्वतःचे चाक काढून देणारी ही पगारी माणसे; निकालात विजयाच्या ओळीवर त्यांची नावे नसतात. त्या काळी कायद्याने निषिद्ध नसलेली उत्तेजक औषधे कॉप्पी घेत असे, हेही सांगितले पाहिजे; भक्तांना ते रुचत नाही.

अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था शरीरसाधनेचे काम करीत आली आहे. असे असूनही वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या चपळ मुलाची विचारपूस आपण करतो ती त्याने पदक आणल्यावर. त्याआधीची पाच-सहा वर्षे त्याचे दूध, त्याचा प्रवास आणि त्याची बुडालेली मजुरी यांचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकात दिसतो? खाटकाच्या पोऱ्याला काव्हान्ना भेटला, नंतर बिआंकी कंपनीचा पगारी संघ मिळाला. येथे तो मुलगा हंगामात कापूस वेचावयास जातो आणि फॉर्म नसल्याचा ठपका घेऊन घरी बसतो.

१९५३ मध्ये कॉप्पी जगज्जेता झाला. पुढची वर्षे उतरणीची होती. खासगी आयुष्यावरून त्याला कोर्टाची पायरीही चढावी लागली. डिसेंबर १९५९ मध्ये तो एका शर्यतीसाठी व शिकारीसाठी आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा, म्हणजे आजचा बुर्किना फासो, या देशात गेला. परतल्यावर ताप चढला. मेळघाटात नोकरी केलेल्या कोणाही शिक्षकाच्या मनात प्रथम हिवतापाची शंका आली असती. आपल्याकडे एके काळी कोयनेलच्या पुड्या पोस्टातही मिळत. इटलीतील डॉक्टरांनी तो आजार ओळखला नाही. २ जानेवारी १९६० रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कॉप्पी तोर्तोना येथे मरण पावला. त्याच प्रवासातील त्याचा सोबती, फ्रेंच सायकलपटू राफाएल जेमिनियानी हाही तसाच तापाने फणफणला होता. फ्रान्समध्ये हिवतापाचे निदान झाले, त्याला कोयनेल मिळाले आणि तो वाचला. जेमिनियानी २०२४ साली, नव्याण्णवाव्या वर्षी वारला.