मेंदूची साल मोजणारा वैमानिक

आंबापोळी हातात घेतली की ती किती थर देऊन वाळवली आहे, हे रत्नागिरीचा माणूस नजरेनं सांगतो. आपल्या मेंदूवरचं करडं आवरण जाडीला साधारण तेवढंच असतं. कुठे दोन मिलिमीटर, कुठे साडेचार. डॉक्टर त्याला कॉर्टेक्स म्हणतात. ओळखीचा चेहरा, लहानपणी पाठ केलेले पाढे, बाजारातला हिशेब, या सगळ्याचा कारभार बराचसा या पातळ सालीतून चालतो. ही साल कुठे किती जाड आहे, याची जागोजाग नोंद ठेवणारा एक माणूस होऊन गेला. तो मूळचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुढे झाला डॉक्टर, आणि ऑस्ट्रियातल्या अगदी सुरुवातीच्या वैमानिकांपैकी एक. त्याचं नाव कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो.

त्याचा जन्म २१ ऑगस्ट १८७६ चा, रुमानियातल्या ब्राइला या बंदराच्या गावी. घराणं ग्रीक, व्यापारी आणि सधन. मूल वर्षाचं होतं न होतं तोच कुटुंब ट्रिएस्टला येऊन स्थिरावलं. तेही बंदरच, आणि तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखालचं. वडिलांची इच्छा मुलानं इंजिनिअर व्हावं अशी. मुलानं व्हिएन्नाला जाऊन दोन वर्षं तो अभ्यास केलाही, पण मन रमेना. मग त्यानं वैद्यकाची वाट धरली आणि १९०१ मध्ये तो डॉक्टर झाला. पुढची काही वर्षं पॅरिस, म्युनिक अशा ठिकाणच्या नामवंतांच्या हाताखाली काढून तो व्हिएन्नाला परतला आणि वाग्नर-यॉरेग यांच्या मनोविकार चिकित्सालयात रुजू झाला.

याच काळात त्याला विमानाचं वेड लागलं. तेव्हाचं विमान म्हणजे लाकूड, कापड आणि तारा यांचा सांगाडा. इकोनोमो त्यात बसून आकाशात जाई आणि खाली उतरला की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावी. ऑस्ट्रियाच्या एरो क्लबचं अध्यक्षपदही त्यानं बरीच वर्षं सांभाळलं. पहिल्या महायुद्धात तो वैमानिक म्हणून आघाडीवर गेला. पण १९१६ मध्ये आईवडिलांच्या आग्रहाखातर त्याला परतावं लागलं. व्हिएन्नाच्या रुग्णालयात डोक्याला जखमा झालेले सैनिक त्याच्या हवाली झाले. घरच्यांच्या एका शब्दासाठी त्यानं आवडीची गोष्ट सोडली, पण हे परतणं वैद्यकाच्या फार उपयोगी पडलं.

त्या हिवाळ्यात रुग्णालयात विचित्र रोगी येऊ लागले. माणूस जेवता जेवता झोपी जाई. हलवून जागं केलं तर नीट उत्तर देई आणि पुन्हा झोपे. कुणी आठवडेच्या आठवडे असे झोपून, तर कुणाचा डोळाच लागेना. १८९० च्या सुमारास इटलीकडे आलेल्या 'नोना' नावाच्या झोपेच्या साथीच्या गोष्टी इकोनोमोच्या घरी बोलल्या गेल्या होत्या. त्याला त्या आठवल्या. १९१७ मध्ये त्यानं हा वेगळाच आजार असल्याचं मांडलं आणि त्याला नाव दिलं 'एन्सेफलायटिस लेथार्जिका'. पुढच्या दहा वर्षांत ही साथ जगभर फिरली आणि नंतर ओसरली. तिचं कारण आजही नक्की झालेलं नाही. वाचलेल्यांपैकी काही पुढे पुतळ्यासारखे जखडून गेले. त्यांच्यावरचा 'अवेकनिंग्ज' हा १९९० चा इंग्रजी चित्रपट काही वाचकांनी पाहिला असेल.

इकोनोमोनं मेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. सतत झोपणाऱ्यांचा बिघाड मेंदूच्या तळाशी एका ठिकाणी मागच्या बाजूला होता; झोप न येणाऱ्यांचा त्याच्या थोडा पुढे. त्यावरून त्यानं अनुमान काढलं, की झोपेची आणि जागेपणाची मेंदूत निरनिराळी ठाणी आहेत. पुढच्या संशोधनानं त्याची दिशा बरोबर ठरवली.

मला मात्र त्याच्या दुसऱ्या कामाचं जास्त अप्रूप वाटतं. माझी उमेद बँकेत गेली. खतावणीतला आकडा आला कुठून, हे पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा हाडात मुरलेला नियम. इकोनोमोचं काम त्या जातीचं होतं. ब्रॉडमन या जर्मन शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये मेंदूच्या सालीचा नकाशा काढला होता. इकोनोमो आणि त्याचा ग्रीक सहकारी गेऑर्ग कोस्किनास यांनी आणखी खोलात जायचं ठरवलं. प्रत्येक भागातली जाडी, तिथले सहा थर, त्यांतल्या पेशींचा आकार आणि दाटी, सगळं मोजायचं.

अडचण घड्यांची होती. ही साल पसरली तर आपल्या हातातल्या वर्तमानपत्राच्या एका पानाएवढी होते. ते पान चुरगाळून कवटीत बसवलेलं. दोन तृतीयांश भाग घड्यांच्या आत लपलेला. नारळाची कवड तिरकी कापली की खोबरं जाड दिसतं, तसंच इथे. म्हणून इकोनोमो प्रत्येक घडीला काटकोनात काप घेई. घडीच्या माथ्यावर साल जाड आणि तळाशी पातळ असते, हे त्यानं आकड्यांनिशी दाखवलं. १९२५ मध्ये त्या दोघांचा ग्रंथ निघाला. आठशेंवर पानं, ११२ मोठ्या छायाचित्रांचा संच, आणि मेंदूच्या सालीचे १०७ प्रदेश.

मेलेल्या माणसाच्या मेंदूवर त्यांनी जे केलं, ते आता जिवंत माणसाच्या बाबतीत सुरी न लावता होतं. एमआरआयच्या चित्रात करडा भाग आणि आतला पांढरा भाग वेगळे दिसतात. संगणक दोन पृष्ठभाग आखतो, एक सालीच्या वरचा आणि एक तिच्या खालचा, आणि जागोजाग त्यांतलं अंतर काढतो. घड्या किती खोल आहेत हेही कळतं. अमेरिकेतल्या ब्रूस फिशल आणि अँडर्स डेल यांनी २००० मध्ये ही रीत प्रसिद्ध केली आणि आलेले आकडे जुन्या मोजमापांशी ताडून पाहिले. जुन्या वहीशी नवी वही अशी जुळली, की मला बरं वाटतं.

अर्थात आकड्यालाही मर्यादा असतात. रोगी यंत्रात हलला तरी साल आहे त्याहून पातळ दिसू शकते. वय वाढेल तशी ती सगळ्यांचीच थोडी पातळ होते. अल्झायमरमध्ये कानशिलाच्या आतल्या बाजूचा भाग लवकर झिजतो, पण एकट्या मिलिमीटरवरून रोगाचं निदान होत नाही. आमच्या आक्काच्या रिपोर्टात वयोमानानुसार मेंदू आकसल्याचं एक वाक्य आलं, तर घरात दोन दिवस चूल पेटली नाही म्हणायची वेळ आली. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, त्या स्वयंपाक करतात का, पैसे मोजतात का, वाट चुकतात का? आक्का तेव्हा बाहेर बसून आम्हाला घरी परतायला उशीर होतोय म्हणून रागावत होती. वाचकहो, असं वाक्य तुमच्या घरी आलं, तर आधी घाबरू नका. डॉक्टरांना माणसाच्या रोजच्या वागण्याबद्दल सांगा.

इकोनोमोला मे १९३१ मध्ये व्हिएन्नात मेंदूच्या संशोधनासाठी स्वतंत्र विभाग मिळाला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते हाती आलं, आणि पाच महिन्यांनी, २१ ऑक्टोबरला, हृदयविकारानं तो गेला. वय अवघं ५५. १९७६ मध्ये, जन्मशताब्दीला, ऑस्ट्रियानं त्याचं टपाल तिकीट काढलं.

कोस्किनास १९२७ मध्ये अथेन्सला परतला आणि १९७५ पर्यंत जगला. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. ग्रंथाला पुष्कळजण नुसतं इकोनोमोचा म्हणतात. पण मुखपृष्ठावर नावं दोन आहेत. दोघांच्या सह्या लागणाऱ्या जोड खात्यावर एकाच सहीनं व्यवहार होत नाही, हे बँकेत शिकलेल्या माणसानं तरी दोन्ही नावं घ्यायला हवीत. आज संशोधकांनी त्या ग्रंथातले तक्ते संगणकावर उतरवून घेतले आहेत. शंभर वर्षांपूर्वी हातानं मोजलेले ते आकडे अजून कामाला येतात.