समजून घ्या : औषध नसताना सावित्रीबाईंनी प्लेगचा दवाखाना कसा चालवला?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि माणसं शहर सोडून निघाली. मळवलीवरून जाणाऱ्या याच लोहमार्गाने ती पुण्याकडे आली. मागोमाग साथही.

सावित्रीबाई फुले तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. जोतीरावांना जाऊन सहा वर्षं झाली होती. १८७७ च्या दुष्काळातील अन्नछत्रांचा अनुभव मात्र गाठीशी होता. लष्करात डॉक्टर असलेला दत्तक मुलगा यशवंत याला त्यांनी बोलावून घेतलं. दवाखाना थाटला तो शहराबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात. मोकळी हवा आणि दाट वस्तीपासून अंतर, म्हणजे आजच्या भाषेत विलगीकरण.

प्लेग बरा करणारं औषध तेव्हा नव्हतंच. हाफकिन यांची लस मुंबईत जानेवारी १८९७ मध्ये नुकती तयार झाली होती. हाती उरत होतं ते अन्न, पाणी आणि शुश्रूषा. रुग्ण येण्याची वाट न पाहता सावित्रीबाई स्वतः वस्त्यांमध्ये जाऊन त्यांना आणत. पाठ्यपुस्तकात हा भाग एका ओळीत उरकतात, हे खटकतं.

मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे सिमों यांनी मांडलं ते १८९८ मध्ये. तोवर नेमकं कशापासून जपायचं हेच ठाऊक नव्हतं. सावित्रीबाईंना संसर्ग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं.

यशवंत १९०५ मध्ये गेले. तेही प्लेगच्या रुग्णांवर उपचार करताना, प्लेगनेच.